दमा असेल तर धोका कमी

मागच्या दिवाळीच्या आधी तासगावहून मामाचा फोन आला. त्याला द्राक्षाचे क्रेट वाहायला एक जुना छोटा हत्ती घ्यायचा होता. गाडी ठरली होती, गाडीवाल्याला पाच हजार बयाणा देऊन झाला होता, उरलेल्या पैशांसाठी त्यानं भाच्याच्या मदतीनं मोबाइलवरून कर्जाचा अर्ज केला. चहा पिऊन होईपर्यंत उत्तर आलं : आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज सध्या मंजूर करता येत नाही.

“अगं, तुमच्यातल्याच कुठल्या तरी कॉम्प्युटरनं न्हाई म्हटलंय. का म्हटलं, तेवढं विचार की त्याला.”

मी बाणेरमधल्या एका कंपनीत हेच काम करते. कर्ज देणाऱ्या संस्थांना कुणाला द्यावं, किती द्यावं, कुठल्या भागात धंदा वाढवावा हे सांगणारी मॉडेल्स आम्ही बनवतो. मामाला नाही म्हणणारी संस्था आमची गिऱ्हाईक नव्हती. ते मी सांगितलं. तो म्हणाला, “बरं, मग ज्याचं हाय त्याला कसं विचारायचं?”

मी मनातल्या मनात एक अंदाज बांधला. मामाची कर्जं सगळी विकास सोसायटीची नाहीतर पतपेढीची. त्याचा पुरेसा इतिहास त्या मॉडेलला दिसला नसणार. “तुमची हिस्ट्री कमी पडली असेल मामा,” असं मी त्याला सांगूनही टाकलं. तो “असंल” म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर माझ्या लक्षात आलं की मी अगदी ठाम आवाजात एक थाप मारली होती. मग मी वाचायला लागले. यंत्राला ‘का’ विचारायची पद्धत कुठून आली, कुणी पाडली आणि त्यातून मिळालेल्या उत्तरांचं पुढे काय झालं? इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला याची सूत्रं शिकवली होती, गोष्ट कुणीच सांगितली नव्हती.

*

कारण न सांगता नाही म्हणायची सोय काही कॉम्प्युटरनं आणलेली नाही. अटलांटामध्ये १८९९ साली रिटेल क्रेडिट कंपनी सुरू झाली. आज आपण तिला इक्विफॅक्स म्हणून ओळखतो. तिची माणसं गावोगाव फिरून लोकांच्या फायली तयार करत. कोण वेळेवर पैसे फेडतो हे त्यात असायचंच, शिवाय कोण पितो, कुणाचं घरात पटत नाही, शेजारी काय बोलतात हेही असायचं. ज्याची फाइल आहे त्याला ती बघता येत नसे. फाइल बघायचा आणि चूक असेल तर हरकत घ्यायचा हक्क अमेरिकन माणसाला मिळाला तो १९७० च्या कायद्यानं.

फायलीच्या जागी आकडे आणायची कल्पना त्याआधीच आली होती. डेव्हिड ड्युरँड या संशोधकानं १९४१ मध्ये फेडलेल्या आणि बुडलेल्या कर्जांची तुलना करून कुठली लक्षणं खरंच उपयोगी पडतात ते मोजून दाखवलं. १९५६ मध्ये बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी प्रत्येकी ४०० डॉलर घालून कंपनी काढली. अमेरिकेतल्या ५० मोठ्या सावकार कंपन्यांना त्यांनी पत्रं पाठवली, आमची नवी कल्पना समजावून सांगायची संधी द्या म्हणून. एकीनंच उत्तर दिलं. हीच आजची फायको. आपल्याकडे सिबिलचा स्कोअर किती म्हणून विचारतात, त्याचं हे आजोळ.

त्यांचं स्कोअरकार्ड आपल्या दहावीच्या पेपरसारखं होतं. एकाच घरात किती वर्षं राहता, त्याला इतके गुण. नोकरीत किती वर्षं, त्याला इतके. सगळ्यांची बेरीज करायची, एका रेषेच्या वर असलात तर पास. बँकेतला कारकून ते हातानं भरू शकत असे. आता यात एक गोष्ट आपोआप मिळते आणि तेव्हा तिचं महत्त्व फारसं कुणाला वाटलं नव्हतं : नापास झालेल्याला कुठल्या प्रश्नात किती गुण गेले ते सांगता येतं.

पुढे याचाच उपयोग झाला. अमेरिकेत १९७४ मध्ये इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी कायदा आला. बाई आहे किंवा लग्न झालं नाही म्हणून कर्ज नाकारायला त्यानं बंदी केली. १९७६ मध्ये त्यात वंश, धर्म, वय वगैरे आलं आणि नकार दिला तर कारण सांगितलंच पाहिजे असंही आलं. त्या कायद्याचे नियम वाचताना मला फार मजा आली. ‘तुमचा स्कोअर कमी पडला’ हे कारण चालणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ‘आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही’ हेही चालणार नाही. म्हणजे मामाला आलेलं वाक्य जवळपास शब्दशः त्या नियमात आहे, ‘असं लिहू नये’ या सदराखाली! नेमकी, मुख्य कारणं सांगा आणि चारपेक्षा जास्त कारणांचा अर्जदाराला फारसा उपयोग होत नाही, असा सल्लाही आहे. सावकारांनी सोपा हिशेब केला. ज्या प्रश्नांत सर्वांत जास्त गुण गेले, त्यांतले पहिले चार पत्रात छापायचे. कायद्यानं कारण मागितलं आणि सुदैवानं तेव्हाच्या गणिताकडे ते होतं. नवीन, जास्त अचूक मॉडेल्स आल्यावरही बँका कित्येक वर्षं या साध्या बेरजेला चिकटून राहिल्या, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

आपल्याकडेही नियम नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये बँकांसाठी जी आचारसंहिता आणली, तिच्यात लहान कर्जदाराला नकाराचं मुख्य कारण लेखी कळवायला सांगितलं होतं. २००७ मध्ये ते सर्व कर्जांना लागू केलं. मामाला कळवलं गेलंच होतं, लेखीही होतं. त्यात कारण तेवढं नव्हतं.

*

आता बँकेतून दवाखान्यात जाऊ, कारण ‘का’ हा प्रश्न यंत्राला सरळ टाइप करून विचारायची सोय पहिल्यांदा नीट केली ती डॉक्टरांसाठी.

१९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ हा विद्यार्थी डॉक्टरकी आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदम शिकत होता. रक्तातल्या जिवाणूसंसर्गावर कुठलं अँटिबायोटिक द्यावं हे सुचवणारा मायसिन नावाचा प्रोग्रॅम त्यानं लिहिला. त्यात ‘असं असेल तर तसं’ अशा धर्तीचे काहीशे नियम होते, तज्ज्ञांशी बोलून गोळा केलेले. शॉर्टलिफला एक गोष्ट सुरुवातीपासून कळली होती : डॉक्टर कुणाच्या सांगण्यावरून औषध लिहीत नाही, त्याला पटावं लागतं. म्हणून मायसिननं एखादी माहिती विचारली की डॉक्टर उलट ‘व्हाय’ टाइप करू शकत असे. मग मायसिन सांगे की मी सध्या अमुक नियम तपासतोय, त्यासाठी मला हे हवंय. निष्कर्ष आल्यावर ‘हाऊ’ विचारलं की कुठल्या नियमांवरून कुठे पोचलो ते उलगडून दाखवे. डॉक्टरांना सल्लागार कॉम्प्युटरकडून काय हवं, याची पाहणी शॉर्टलिफनं एका सहकाऱ्याबरोबर १९८१ मध्ये छापली. सल्ल्यामागचं कारण सांगता येणं, हे त्यात सगळ्यांत वर होतं.

मायसिन कामातही चोख होता. १९७९ मध्ये मेंदूज्वराच्या दहा रुग्णांची माहिती मायसिनला आणि काही डॉक्टरांना देऊन, कुणी काय औषध सुचवलं ते परीक्षकांपुढे नावं झाकून ठेवलं. मायसिनची ६५ टक्के उत्तरं स्वीकारार्ह ठरली. एकाही माणसाला त्याच्या पुढे जाता आलं नाही. तरी प्रत्यक्ष वॉर्डात तो कधी वापरला गेला नाही. त्या काळी डॉक्टरला टर्मिनलसमोर बसून एकेक प्रश्नाचं उत्तर टाइप करत राहावं लागे, चूक झाली तर जबाबदार कोण हा प्रश्न होताच.

पण मायसिनची मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. विल्यम क्लॅन्सी यानं ठरवलं की एवढे नियम आहेतच, तर त्यांवरून मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शिकवू. तो शिकवायला बसला आणि अडकला. एक नियम होता : मुलाचं वय आठपेक्षा कमी असेल तर टेट्रासायक्लीन देऊ नये. विद्यार्थी विचारणार, का? मायसिन सांगणार, कारण असा नियम आहे. खरं कारण असं की वाढत्या दातांत ते औषध बसतं आणि दातांवर कायमचे डाग पडतात. मग कुणी असंही म्हणू शकेल की मूल मरायला टेकलंय, डाग पडले तर पडू देत, औषध द्या. हा विचार नियमात कुठेच नव्हता. नियम सांगणाऱ्या तज्ज्ञाच्या डोक्यात होता. त्यानं सांगताना गाळला, कारण औषध निवडायला त्याची गरज नव्हती. क्लॅन्सीनं १९८३ मध्ये यावर मोठा लेख लिहिला. मी तो बसमध्ये, फोनवर, झूम करकरून वाचला.

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच हे दिसलं होतं की यंत्रानं ‘मी कसं ठरवलं’ हे सांगणं आणि ‘ते बरोबर का आहे’ हे सांगणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या ऑफिसमधल्या एकाही प्रेझेंटेशनमध्ये हा फरक मी पाहिलेला नाही. माझ्या स्वतःच्याही नाही.

*

१९९० च्या दशकाच्या मध्याची गोष्ट. पिट्सबर्गमधले काही संशोधक न्यूमोनियावर काम करत होते. प्रश्न डॉक्टरी होता, पण त्याहून जास्त व्यवस्थापनाचा होता. रुग्णालयातल्या खाटा महाग. न्यूमोनियाच्या ज्या रुग्णाला धोका कमी, त्याला गोळ्या देऊन घरी पाठवावं, धोका जास्त असलेल्याला भरती करावं. हे आधी ओळखता आलं तर पैसे वाचतील आणि माणसंही. ७८ रुग्णालयांतल्या १४,१९९ रुग्णांची माहिती होती. कोण दगावलं तेही त्यात होतं. वेगवेगळ्या पद्धतींनी मॉडेल्स बनवून त्यांची शर्यत लावली.

शर्यत न्यूरल नेटनं जिंकली. ते बनवणाऱ्यांत रिच करुआना नावाचा विद्यार्थी होता. न्यूरल नेट अचूक, पण आत काय शिकलंय ते वाचता येत नाही. त्याच गटातला दुसरा एक जण साधे, वाचता येणारे नियम काढणारं मॉडेल बनवत होता. अचूकतेत ते मागे होतं. एके दिवशी त्यातून एक नियम बाहेर पडला : रुग्णाला दमा असेल तर न्यूमोनियानं मरायचा धोका कमी.

पुन्हा वाचा. ज्याच्या छातीत आधीच घरघर आहे, त्याला न्यूमोनिया झाला तर तो जास्त सुरक्षित, असं यंत्र म्हणत होतं. कुठल्याही गावातली आजी याला वेड्यात काढेल.

पण आकडा चुकीचा नव्हता. त्या १४ हजारांत दमेकरी खरोखरच कमी दगावले होते. कारण दम्याचा पेशंट खोकला वाढला की लगेच दवाखाना गाठतो आणि तिथले डॉक्टर त्याला बघून घाबरतात, सरळ भरती करतात, बहुतेकदा आयसीयूत. एवढी काळजी घेतल्यामुळे तो वाचतो. यंत्राला काळजी दिसली नाही, दमा दिसला आणि पेशंट वाचल्याचं दिसलं. आता हेच मॉडेल दारात उभं केलं असतं तर त्यानं दमेकऱ्याला सांगितलं असतं, धोका कमी आहे, घरी जा. ज्या काळजीमुळे तो वाचत होता, नेमकी तीच काढून घेतली असती.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचता येणाऱ्या मॉडेलमधला तो नियम खोडता येतो. न्यूरल नेटमध्येही दम्यापुरती दुरुस्ती करता आली असती. करुआनाचं म्हणणं असं की भीती दम्याची नव्हती, तो तर सापडला होता. याच जातीचं आणखी काय काय त्या जाळ्यात बसलंय, ते सापडण्याचा मार्ग नव्हता. म्हणून शर्यत जिंकलेलं मॉडेल रुग्णांवर वापरायचं नाही, असं ठरलं. मागे राहिलेलं, साधं, वाचता येणारं मॉडेल त्यांनी बरं मानलं. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये करुआनानं मायक्रोसॉफ्टमध्ये असताना त्या माहितीवर नव्या जातीचं मॉडेल लावलं. ते अचूकही होतं आणि त्याच्यातल्या प्रत्येक घटकाचा आलेख काढून बघता येत होता. दमा तसाच सापडला. त्याच्या शेजारी छातीत दुखणं आणि हृदयविकारही ‘धोका कमी’ म्हणून बसलेले सापडले. छातीत दुखतंय म्हटल्यावर कोण थांबतो? तीच गोष्ट.

*

आता मधली काही वर्षं भराभर ओलांडते, कारण ती तुम्ही बातम्यांत वाचलेली असतील. २०१२ नंतर न्यूरल नेट सगळीकडे शिरली, मोठी झाली, आणि ‘का’ विचारणाऱ्यांची संख्याही वाढली. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या तिघांनी लाइम नावाची पद्धत काढली. त्यांनी मुद्दाम एक बिघडलेलं मॉडेल बनवलं, जे लांडगा की हस्की कुत्रा हे चित्रातल्या बर्फावरून ठरवत होतं. मशीन लर्निंग शिकणाऱ्या २७ जणांना त्याची उत्तरं दाखवली तेव्हा १० जणांचा त्याच्यावर भरवसा बसला. कुठल्या भागाकडे बघून उत्तर दिलं ते दाखवल्यावर तिघांचाच उरला. मला ते तीन जण कुठे कामाला लागले असतील याचं कुतूहल आहे.

सध्या आमच्या धंद्यात ज्याचं राज्य आहे ती शॅप. तिचं मूळ १९५३ मध्ये आहे. लॉइड शॅप्ली या गणितीनं विचारलं होतं की चार जणांनी मिळून काही कमावलं तर कुणाचा वाटा किती? रिक्षाचं उदाहरण घेऊ. तुम्ही आणि मी एकाच रस्त्यानं जातोय. तुमच्या घरापर्यंत एकट्याचे ६० रुपये होतात, माझ्या घरापर्यंत १००. दोघं मिळून १०० च होणार. तुम्ही आधी बसलात असं धरलं तर तुमचे ६०, माझ्यामुळे वाढले ४०. मी आधी बसले असं धरलं तर माझे १००, तुमच्यामुळे वाढले शून्य. दोन्ही क्रमांची सरासरी काढा : तुम्ही ३० द्या, मी ७०. मॉडेलमधल्या कॉलमांना प्रवासी समजलं की प्रत्येकानं उत्तरात किती भर घातली ते काढता येतं. हे मशीन लर्निंगमध्ये पहिल्यांदा शॅपवाल्यांनी आणलं असं मी समजत होते. पण ल्युब्लियाना विद्यापीठातल्या एरिक श्ट्रुम्बेल आणि इगोर कोनोनेन्को या दोघांनी ते २०१० मध्येच छापलं होतं. २०१७ मध्ये लुंडबर्ग आणि ली यांनी त्याला सुटसुटीत रूप आणि नाव दिलं. आज माझ्यासारखी कुणीही चार ओळी कोड लिहून लाल-निळ्या पट्ट्यांचा सुंदर आलेख काढते.

तो आलेखच माझ्या अंगाशी आला.

आमच्या एका गिऱ्हाइकाचं काम होतं. नाव सांगत नाही. ग्रामीण भागात छोटी कर्जं देणारी संस्था. पुढच्या दोन वर्षांचं धोरण ठरवायचं होतं : कुठल्या तालुक्यांत धंदा वाढवायचा, कुठून माणसं काढून खर्च वाचवायचा. मी मॉडेल बनवलं, शॅप लावलं. एक तालुका उठून दिसत होता. तिथले लोक हप्ते इतके चोख भरत होते की ‘तालुका’ ही एकटी पट्टी धोका खाली ओढत होती. वरिष्ठांना ते फार आवडलं. आलेख होता, कारण दिसत होतं, आता कुणी ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणू शकणार नव्हतं. प्रस्ताव तयार झाला : तिथे धोका कमी आहे, तेव्हा तिथली वसुलीची माणसं कमी करा, वाचलेल्या पैशांतून शेजारच्या तालुक्यात शाखा काढा.

बैठकीला वसुलीचे एक वयस्कर साहेब आले होते, खरं तर गाड्यांच्या डिझेलभत्त्याविषयी बोलायला. त्यांचा विषय शेवटी होता, म्हणून बसून ऐकत होते. स्लाइड बघून म्हणाले, “मॅडम, तिथं आमचा एक पोरगा हाय. दर आठवडी बाजाराला जातो. हप्त्याच्या आदल्या बाजाराला तर दिवसभर बसतो, भेळ खातो, सगळ्यांना भेटतो. कुणाचं जनावर दगावलं, कुणाच्या घरी लग्न हाय, त्याला सगळं ठाऊक असतंय. ज्याला जमणार नाही त्याला आधीच तारीख वाढवून देतो. लोकं चांगलीच हायत, पण हप्ता येतो त्या पोराच्या जिवावर.”

खोलीत काही क्षण एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पिट्सबर्गची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. ती मी मामाच्या फोननंतर वाचली, आणि वाचताना हे साहेबच डोळ्यांपुढे आले. तालुका म्हणजे दमा. तो पोरगा म्हणजे आयसीयू. आणि आम्ही आयसीयू बंद करायला निघालो होतो, अगदी व्यवस्थित स्पष्टीकरण जोडून.

माझा आलेख खोटं बोलत नव्हता. त्यानं मॉडेलनं काय केलं ते बिनचूक सांगितलं होतं. आम्ही ते जगाचं कारण म्हणून वाचलं. ड्यूक विद्यापीठातल्या सिंथिया रुडिन २०१९ पासून याच्या जरा पुढचंच सांगतायत : मोठ्या निर्णयांत बंद मॉडेल बनवून मग त्याला वरून स्पष्टीकरण चिकटवू नका, मुळात वाचता येईल असंच मॉडेल बनवा. मी त्यांच्या बाजूची आहे, पण पूर्ण नाही. माझं मॉडेल वाचता येणारं असतं तरी त्यात ‘तालुका’ एवढंच वाचता आलं असतं. बाजारात बसणाऱ्या पोराचा कॉलमच नव्हता.

*

कंपन्यांच्या धोरणासाठी अशी स्पष्टीकरणं वापरायची कशी, यावर मला सापडलेलं सर्वांत शहाणं काम पुन्हा स्लोव्हेनियातलंच निघालं. मार्को बोहानेच आणि सहकाऱ्यांनी २०१७ च्या सुमारास एका कंपनीच्या विक्री विभागाबरोबर ते केलं. कंपन्या कंपन्यांना माल विकतात तिथे दर महिन्याला बैठक होते : हा सौदा होईल, तो नाही होणार. विक्रेता अनुभवावरून छातीठोक सांगतो. या लोकांनी आधी विक्रेत्यांनाच विचारलं की सौद्याविषयी काय काय नोंदवायला हवं. त्यातून कॉलम ठरले. मग जमलेल्या आणि फिसकटलेल्या सौद्यांवर मॉडेल शिकवलं आणि प्रत्येक अंदाजाचं स्पष्टीकरण विक्रेत्यांपुढे ठेवलं. विक्रेत्याचं मत आणि मॉडेलचं मत जिथे वेगळं, तिथे थांबून बोलायचं. कधी विक्रेत्याची समजूत चुकीची निघणार, कधी कॉलमच अपुरा निघणार.

यासाठी त्यांनी क्रिस आर्जिरिसचा शब्द वापरला आहे, डबल लूप लर्निंग. आर्जिरिसनं १९७७ च्या लेखात थर्मोस्टॅटचं उदाहरण दिलं होतं. खोली गार झाली की हीटर चालू करतो, तो थर्मोस्टॅट एकेरी शिकणारा. ‘मला ६८ अंशांवर कुणी आणि का लावलंय?’ असं विचारेल तो दुहेरी. आमची बहुतेक मॉडेल्स आणि बहुतेक बैठका पहिल्या जातीच्या असतात. आकडा चुकला, आकडा सुधारा.

दुसऱ्या जातीचा एक नमुना मात्र जगासमोर घडला. अमेरिकेतली झिलो ही घरांच्या किमतींचे अंदाज देणारी कंपनी. २०१८ पासून ती अंदाजांवर विसंबून स्वतःच घरं विकत घेऊन पुन्हा विकू लागली. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत तिनं ९,६८० घरं घेतली आणि विकली ३,०३२. ज्या भावानं घेतली तो पुढे मिळेल अशा भावापेक्षा जास्त निघाला, म्हणून ३० कोटी डॉलरहून जास्त रक्कम तोट्यात दाखवावी लागली. नोव्हेंबरमध्ये तो धंदाच बंद केला, सुमारे २५ टक्के लोकांच्या नोकऱ्या गेल्या. लोक याला अल्गोरिदमची फजिती म्हणतात. मला बंद करायचा निर्णय तेवढा हास्यास्पद वाटत नाही. मॉडेल आणखी थोडं सुधारू, पुढच्या तिमाहीत जमेल, असं म्हणता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी मान्य केलं की घरांच्या किमतींतली अनिश्चितता आपण धरली होती त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तो प्रश्न २०१८ मध्ये विचारला असता तर कितीतरी जणांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या, हेही आहेच.

आमच्या त्या प्रस्तावातून माणसं कमी करायचा भाग गळला. शाखा काढायचा राहिला. बाजारात जाणाऱ्या पोराचा कॉलम करता येईल का, असं मला विचारण्यात आलं. तो आठवड्यातून किती लोकांना भेटतो ते ॲपवर भरायला सांगू, असं कुणीतरी सुचवलं. साहेब म्हणाले, “भरंल की. पण मग भेळ खाईल कधी?”

मामाचा परवा पुन्हा फोन आला. छोटा हत्ती दारात उभा होता. पतपेढीनं कर्ज दिलं होतं. मी विचारलं, लगेच दिलं? तर म्हणाला, न्हाई, आधी त्यांनीही नाहीच म्हटलं. मॅनेजरनं समोर बसवून सांगितलं की तीन वर्षांमागं मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला तुम्ही जामीन होता, त्याचे दोन हप्ते थकलेत, ते भरून या. मामा मेव्हण्याच्या घरी गेला, भांडला, हप्ते भरून घेतले, पावती घेऊन आला.

“मामा, जामिनाचं मला बोलला नाहीत ते?”

“तू विचारलंस कुठं?”

मग त्यानं गाडीचा हॉर्न फोनवर वाजवून दाखवला.